सर्फिंगच्या गावाला कधी जायचं? वर्षभराचं हवामान कसं वाचायचं ते सांगतो

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सगळे करतात तेच केलं, मोबाईलवर त्या गावचं तापमान बघितलं, पाऊस नाही ना बघितलं आणि तिकीट काढून टाकलं. जुलै महिना, पोर्तुगालमधलं एरिसेरा. ऊन झकास, आकाश निळंशार, आणि पाण्यात पाय टाकला तर हाडापर्यंत गार. त्यात दुपार झाली की असलं वारं सुटायचं की वाळूवरचा टॉवेल हाताने दाबून धरून बसावं लागायचं, आणि लाटा तर पार विस्कटून गेलेल्या. गंमत म्हणजे तिथून गाडीने तासाभराच्या आत लिस्बन, आणि तिकडे त्याच दिवशी लोक उकाड्याने हैराण.

तर अशा गावाला एकच हवामान नसतं बघा. हवेचं एक कॅलेंडर, पाण्याचं दुसरं, लाटांचं तिसरं, वाऱ्याचं चौथं, आणि ह्या चौघांचं आपसात फारसं जमत नाही. जाहिरातीतल्या फोटोत दिसतं ते फक्त पहिलं. म्हणून खाली लिहिलंय त्या क्रमाने बघत जा, आधी लाटा, मग वारा, मग पाणी, भरती-ओहोटी, आणि ऊन-पाऊस शेवटी. बहुतेक जण बरोब्बर उलटं करतात आणि मग माझ्यासारखे कुडकुडतात.

पायरी १: लाट कुठून येते ते नकाशावर शोधा

लाट त्या गावात तयार होत नाही. ती कुठेतरी हजारो किलोमीटर लांब समुद्रात वादळ झालेलं असतं तिथून निघते. वारा किती जोरात वाहिला, किती वेळ वाहिला आणि किती लांबलचक पाण्यावरून वाहिला, ह्या तीन गोष्टींवर तिचा आकार ठरतो. वादळाच्या जागी सगळा गोंधळच असतो, पण तिथून बाहेर पडून प्रवास करता करता लाटा आपोआप सुटसुटीत होतात, लांब पल्ल्याच्या पुढे निघतात, छोट्या मागे राहतात किंवा विरून जातात, आणि किनाऱ्याला ओळीने येऊन लागतात. ह्या ओळींना सगळे स्वेल म्हणतात.

किती लांबून येऊ शकतात? १९६३ साली वॉल्टर मंक ह्या समुद्रशास्त्रज्ञाने आणि त्याच्या टीमने पॅसिफिकमध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजमापाची ठाणी लावून हेच तपासलं, आणि अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळांतल्या लाटा १०,००० किलोमीटरच्या वर प्रवास करून अलास्काला पोचताना सापडल्या. म्हणजे तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असलं तरी समोर तीन मीटरची लाट असू शकते, आणि धो धो पाऊस असला तरी समुद्र तळ्यासारखा गप्प असू शकतो.

आता मोठी वादळं कधी होतात? हिवाळ्यात. ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची गरम हवा ह्यांच्यातला फरक तेव्हा जास्त असतो म्हणून. उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिकमध्ये साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी-मार्च. दक्षिणेकडे गोष्ट थोडी वेगळी, तिथे ४० अंश अक्षांशाच्या खाली वाऱ्याला अडवायला जमीनच जवळजवळ नाही, शाळेत भूगोलात गरजणारे चाळीस शिकलो तेच ते, तिथे वर्षभर वादळं चालूच असतात आणि जून ते ऑगस्टला, म्हणजे त्यांच्या हिवाळ्यात, जास्त जोर धरतात.

मग नकाशा उघडा आणि बघा, गावाचं तोंड कुठल्या दिशेला आहे. बास, अर्धं काम झालं. हवाईचं ओआहू बेट घ्या, उत्तर किनाऱ्याला डिसेंबर-जानेवारीत घराएवढ्या लाटा आणि त्याच दिवशी दक्षिणेच्या वायकिकीला लहान मुलं पाण्यात खेळतायत, आणि उन्हाळ्यात उत्तर किनारा बहुतेक वेळ सपाट, आणि दक्षिणेला लांबून स्वेल यायला लागतात. बेट एक, कॅलेंडर दोन. दक्षिण आफ्रिकेचं जेफ्रीज बे बघायचं तर जून ते ऑगस्ट. काही गावांना चक्रीवादळांचं बोनस असतं, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला हरिकेन सीझन जून ते नोव्हेंबर, त्यातला भर सप्टेंबरच्या सुरुवातीला-मध्याला, वादळ लांबून गेलं तर मस्त लाटा आणि जवळ आलं तर गाव रिकामं करायचं, असा सगळा मामला.

पायरी २: फोरकास्टमधला उंचीचा आकडा सोडा, शेजारचा आकडा बघा

लाटांच्या फोरकास्टमध्ये नवीन माणूस फक्त उंची बघतो. १ मीटर म्हणजे छोटी, जाऊया. पण त्याच्या शेजारी सेकंदात एक आकडा असतो तो पिरियड, एक लाट गेल्यावर पुढची यायला लागणारा वेळ. ६-७ सेकंद असेल तर ती जवळपासच्या वाऱ्याने उठवलेली खळबळ, दम नसलेली. १४-१५ सेकंद असेल तर लांबून आलेला खरा स्वेल. उंची दोन्हीकडे १ मीटर असली तरी १५ सेकंदवालीत दुपटीहून जास्त ताकद असते, शिवाय उथळ पाण्यात आली की ती जास्त उंच उठते. कागदावर १ मीटर आणि समोर डोक्याच्या वर, असं होतं ते म्हणूनच.

अजून एक मेख. फोरकास्टमधली उंची म्हणजे सगळ्यात मोठी लाट नाही, ती सगळ्यात उंच अशा एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. म्हणजे तासन्‌तास पाण्यात राहिलात तर त्याच्या पावणेदोन-दुप्पट उंचीची एखादी येणारच, आणि ती नेमकी तुम्ही पाठ फिरवून उभे असताना येते हा माझा अनुभव.

हिशोबाची एक सोपी युक्ती सांगतो. खोल समुद्रात स्वेलची ओळ किती वेगाने पुढे सरकते ते काढायला पिरियडला २.८ ने गुणा, ताशी किलोमीटर मिळतात. १५ सेकंद म्हणजे ताशी ४२, म्हणजे दिवसाला साधारण १,००० किलोमीटर. ३,००० किलोमीटरवर वादळ दिसलं तर तीन दिवस हातात आहेत. त्यामुळे लाटांचा अंदाज ५-६ दिवस आधी बऱ्यापैकी लागतो, वाऱ्याचा मात्र २-३ दिवसांच्या पुढे विश्वास ठेवू नका.

सुरुवातीला किती पाहिजे? अर्धा ते एक मीटर, पिरियड ८ ते ११. ह्याच्या वर गेलं की पहिल्या आठवड्यात तरी फक्त वाळूत बसून बघायचं.

पायरी ३: वारा, म्हणजे सगळ्या मजेचा किंवा सगळ्या वैतागाचा मालक

ह्यावर जरा जास्त लिहितो कारण लोक ह्याच्याकडे बघतच नाहीत. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा म्हणजे ऑफशोअर, तो लाटेचा चेहरा, म्हणजे किनाऱ्याकडची उभी बाजू, समोरून धरून ठेवतो, लाट उशिरा आणि स्वच्छ फुटते. समुद्राकडून जमिनीकडे येणारा म्हणजे ऑनशोअर, तो मागून ढकलतो आणि लाटेचा चिवडा करतो. शाळेत पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे उपयोगी पडतात बघा. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारं वारं आत येतं, रात्री उलट, जमीन लवकर गार होते आणि मतलई वारं समुद्राकडे वाहतं. म्हणून उन्हाळी महिन्यांत अशा गावात पहाटे सहाला पाणी काचेसारखं असतं, दहा-अकराला सुरकुत्या पडायला लागतात, दुपारी दोनला सगळं खलास, आणि कधी कधी सूर्य मावळायच्या आधी तासभर परत शांत होतं. उशिरा उठणाऱ्याला उन्हाळ्यात सर्फिंग मिळत नाही, हे कोणी आधी सांगत नाही.

हे झालं रोजचं. त्याच्यावर मोसमी वारं असतं, ते महिनोन्‌महिने एकाच दिशेने. पोर्तुगालला उन्हाळ्यात उत्तरेकडून येतं त्याला नोर्ताडा म्हणतात, माझा टॉवेल उडवणारं तेच. ऑस्ट्रेलियात पर्थच्या बाजूला उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून येणाऱ्या गार वाऱ्याला फ्रीमँटल डॉक्टर म्हणतात, उकाड्यातून सोडवतो म्हणून, पण सर्फ करणाऱ्यासाठी हा डॉक्टर म्हणजे दवाखाना बंद. बालीत तर सगळा खेळच ह्यावर आहे. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा मोसम, वारा आग्नेयेकडून, म्हणजे कुटा, चांगू, उलुवातू ह्या पश्चिमेकडच्या जागांना ऑफशोअर. नोव्हेंबर ते मार्च पावसाळा, वारा उलटतो, मग पूर्वेच्या केरामास, नुसा दुआकडे गर्दी सरकते. श्रीलंकेतही तसंच, पूर्वेचं अरुगम बे साधारण मे ते सप्टेंबर, आणि दक्षिणेचं वेलिगामा, पश्चिमेकडचं हिक्काडुवा नोव्हेंबर ते एप्रिल. तेव्हा श्रीलंकेला कधी जाऊ असं विचारलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठल्या बाजूला?

म्हणून काय करायचं, गाव ठरलं की त्या महिन्यात नेहमीचा वारा कुठून असतो ते शोधा आणि नकाशावर बाण काढा. बाण जमिनीकडून पाण्याकडे असेल तर छान. पाण्याकडून जमिनीकडे असेल तर कोपऱ्यात आडोशाला, डोंगराच्या पलीकडे एखादी खाडी किंवा वळलेला किनारा आहे का बघा. एकाच दिशेचा सरळसोट किनारा असलेल्या गावापेक्षा दोन-तीन दिशांना तोंड असलेलं गाव नवख्याला केव्हाही बरं, एकीकडे बिघडलं तर दुसरीकडे काहीतरी मिळतं.

फक्त एक, ऑफशोअर चांगला म्हणून जोरात असेल तेव्हा उत्साहात जाऊ नका, तो बोर्डसकट तुम्हाला आत समुद्रात ढकलतो आणि परत येताना हात भरून येतात.

पायरी ४: पाण्याचं कॅलेंडर हवेपेक्षा मागे चालतं

पाणी हळू तापतं आणि हळू गार होतं. उत्तर गोलार्धात हवा जुलैत सगळ्यात गरम, पण समुद्र ऑगस्टच्या शेवटी-सप्टेंबरात, आणि सगळ्यात थंड फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे एप्रिलमध्ये बाहेर फुलं फुललीयत, लोक टी-शर्टवर फिरतायत, आणि पाण्यात अजून हिवाळा आहे. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाल्यात, गर्दी गेलीये, आणि पाणी वर्षातलं सगळ्यात उबदार. इंग्लंडच्या न्यूकी गावात मार्चला पाणी ९-१० अंश आणि ऑगस्ट-सप्टेंबरात १६-१७, एवढाच काय तो उन्हाळा.

आणि काही ठिकाणी उन्हाळ्यातच पाणी गार पडतं, एरिसेराला मी फसलो ते इथे. किनाऱ्याला समांतर जोराचं वारं वाहत राहिलं की पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकललं जातं आणि त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. पोर्तुगाल, कॅलिफोर्निया, दोन्हीकडे हेच. सॅन फ्रान्सिस्कोचं उन्हाळी धुकं ह्याच थंड पाण्यावर तयार होतं, भर जुलैत लोक स्वेटर घालून फिरतात.

वेटसूट म्हणजे थंड पाण्यात ऊब टिकवणारा रबरी सूट, त्याचा अंदाज असा धरा. २४ अंशांच्या वर पाणी असेल तर चड्डी आणि रॅश गार्ड, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पोहायचा टी-शर्ट, पुरे. २० ते २३ ला आखूड बाह्यांचा २ मिलिमीटरचा. १६ ते १९ ला पूर्ण अंगाचा ३/२. १२ ते १५ ला ४/३ आणि बहुतेक जणांना पायात बूट. त्याच्या खाली ५/४, बूट, हातमोजे, टोपी सगळंच. ३/२ म्हणजे छाती-पाठीला ३ मिलिमीटर आणि हातापायाला २. वारा असेल तर एक पायरी जाडच घ्या, कारण नवीन माणूस पोहण्यापेक्षा जास्त वेळ ओल्या अंगाने वाऱ्यात उभा असतो. आणि सूट घट्टच पाहिजे, सैल असला की आत पाणी खेळत राहतं आणि मग जाडीचा काही उपयोग नाही.

पायरी ५: भरती-ओहोटी

ह्याचं गणित सगळ्यांना थोडं माहितीच असतं. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या, रोज साधारण ५० मिनिटं उशिरा, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती. वर्षात मार्च आणि सप्टेंबरच्या आसपासची उधाणं सगळ्यात मोठी. हवाईत हा फरक एक मीटरच्या आत, त्यामुळे तिथे फार बिघडत नाही, पण न्यूकीला उधाणाच्या दिवशी सहा-सात मीटरचा फरक पडतो, म्हणजे सकाळी जिथे तुम्ही शिकत होतात तिथे दुपारी कड्याला पाणी लागलेलं असतं आणि वाळू गायब.

लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीत फुटते, त्यामुळे पाणी वर-खाली झालं की फुटायची जागाच सरकते. वाळूच्या बीचवर नवख्याला मधली भरती सगळ्यात सोयीची. पूर्ण ओहोटीला लाट धाडकन सगळीकडे एकदमच फुटते, पूर्ण भरतीला किनाऱ्यालगतच आपटतात. दगडी तळ असेल तिथे ओहोटीला जाऊच नका.

पायरी ६: आता बघा ऊन-पाऊस

पाऊस पडताना सर्फिंगला काही होत नाही, ओले तर तसेही होणार. विजा असतील तर लगेच बाहेर. खरा त्रास पाऊस थांबल्यावर, गटारं आणि नद्या सगळी घाण समुद्रात आणून सोडतात, कॅलिफोर्नियात जोराच्या पावसानंतर ७२ तास पाण्यात जाऊ नका असं आरोग्यवाले सांगतात आणि ते कुठेही पाळण्यासारखं आहे, नदीच्या मुखाजवळ तर नक्कीच. पोटाचे आणि कानाचे हाल होतात, अनुभव आहे, तपशील विचारू नका.

ऊन म्हणाल तर तापमानाकडे नाही, यूव्ही इंडेक्सकडे, म्हणजे कातडी भाजणाऱ्या किरणांच्या आकड्याकडे बघा. ३ च्या वर असला की झाकून घ्यायचं, आणि ऑस्ट्रेलियाच्या उन्हाळ्यात तो ११ च्या वर सहज जातो. पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही खाली येतो, त्यामुळे ढगाळ दिवशीच लोक जास्त भाजतात. नाकाला आणि ओठांना झिंकची पांढरी पेस्ट लावा, माकड दिसाल पण सगळेच दिसतात.

पायरी ७: सगळं एका वर्षात मांडा

उदाहरणासाठी फ्रान्सचं ओसेगोर धरू, पश्चिमेकडे तोंड, अटलांटिक, लांबच लांब वाळू. अशाच तोंडाच्या दुसऱ्या गावांनाही हे थोड्याफार फरकाने लागू पडेल.

डिसेंबर ते फेब्रुवारी, एकामागून एक वादळं, लाटा बऱ्याचदा अंगावर येणाऱ्या, पाणी १२-१३, दिवस छोटा. न्यूकीसारख्या उत्तरेकडच्या गावात तर डिसेंबरात जेमतेम ८ तास उजेड. लाईफगार्ड बहुतेक ठिकाणी नसतात, ब्रिटनच्या बऱ्याच बीचवर ते मे ते सप्टेंबरच असतात. नवख्याने जायचं काही कारण नाही. बघायला जा, ते वेगळं. पोर्तुगालच्या नाझारेला लोक बघायलाच जातात, तिथे समुद्राखाली २०० किलोमीटरहून लांब आणि सुमारे ५ किलोमीटर खोल दरी थेट गावाजवळ येते आणि लाटा एकवटून उंच करते, २९ ऑक्टोबर २०२० ला सेबास्टियन स्टॉइटनर ह्या जर्मन सर्फरने तिथे २६.२१ मीटरची लाट धरली. त्याच गावात ऑगस्टमध्ये लोक छत्र्या लावून पडलेले असतात.

मार्च ते मे, भरवसा नाही असे महिने. एक आठवडा सुंदर, पुढचा वाया. पाणी थंडच. गर्दी कमी म्हणून मला आवडतात, पण पहिल्यांदाच जाताय आणि सात दिवसांचीच सुट्टी आहे तर जुगार कशाला.

जून ते मध्य ऑगस्ट, लाटा छोट्या, कधी कधी चार-चार दिवस काहीच नाही, गर्दी प्रचंड, वारं दुपारचं. तरी अगदी पहिल्यांदा बोर्डवर झोपून फेसाळ पाण्यात ढकलले जायचंय तर हेच महिने, पण पहाटे.

ऑगस्टचा शेवट ते मध्य सप्टेंबर, मला विचाराल तर नवख्यासाठी हाच. पाणी सगळ्यात उबदार, २१-२२ पर्यंत, गर्दी ओसरलेली, लाईफगार्ड बऱ्याच ठिकाणी अजून आहेत आणि स्वेल नुकते यायला लागलेत.

सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर, ज्यांना उभं राहता येतं त्यांची दिवाळी. पण हाच तो महिना जो सगळे नवख्यालाही सांगतात, ऑक्टोबरमध्ये ये, बेस्ट असतं. बेस्ट असतं ते त्यांच्यासाठी. लाटा मोठ्या म्हणजे रिप करंटही जोरात, म्हणजे किनाऱ्याला आलेलं पाणी एका पट्ट्यातून परत आत धावतं, त्यात सापडलात तर त्याच्याशी भांडायचं नाही, बोर्ड सोडायचा नाही, हात वर करून मदत मागायची किंवा किनाऱ्याला समांतर बाजूला निघायचं. नोव्हेंबर म्हणजे हिवाळ्याची सुरुवातच.

दक्षिण गोलार्ध असेल तर सहा महिने पुढे सरकवून वाचा. उष्ण कटिबंधात ऋतू चार नाहीत, कोरडा आणि ओला दोनच, तिथे पाणी वर्षभर उबदार म्हणून हा पाण्याचा मुद्दा काटून टाका आणि वाऱ्याला दुप्पट महत्त्व द्या.

एल निनोचं वर्ष असेल तर नेहमीचं कॅलेंडर थोडं गंडतं, २०१५-१६ च्या हिवाळ्यात कॅलिफोर्निया आणि हवाईला एकामागून एक मोठे स्वेल आले होते, त्यामुळे दहा वर्षांची सरासरी बघून गेलात तरी जायच्या आठवड्यात परत बघा.

पायरी ८: पोचल्यावर

लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये लाईफगार्डचं लक्ष असतं, पण तो भाग बहुतेक ठिकाणी पोहणाऱ्यांचा असतो, सर्फबोर्डची जागा वेगळी, ब्रिटनमध्ये ती काळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या झेंड्यांनी दाखवतात. लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचंच नाही, त्यात चर्चा नाही.

मग पाण्यात उतरायच्या आधी वाळूत बसा. लाटा एकसारख्या येत नाहीत, चार-सहा मोठ्या एकदम येतात त्याला सेट म्हणतात, आणि दोन सेटच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं समुद्र अगदी सभ्य वागू शकतो. म्हणून निदान वीस मिनिटं घड्याळ लावून बघायचं, कुठे फुटतंय, कुठे पाणी परत आत जातंय, लोक कुठून आत शिरतायत, बाहेर कसे येतायत. मी एकदा पाचच मिनिटं बघितलं, अरे हे तर छोटंय म्हणालो आणि शिरलो, आणि कमरेएवढ्या पाण्यातून मान वर करून बघतो तर समोर सेट.